पासवर्ड लावलेली झिप आपल्या प्रोग्राममधून उघडायची कशी?

इंदुरात सॉफ्टवेअरच्या पहिल्या-दुसऱ्या नोकरीत हे काम बहुतेकांच्या वाट्याला येतं. सुपर कॉरिडॉरच्या मोठ्या कॅम्पसात नाही आलं, तर विजयनगर किंवा भंवरकुआँच्या चार-सहा जणांच्या ऑफिसात हमखास येतं. पीथमपूरच्या कारखान्यातून दर महिन्याला पगारपत्रकांची कुलूपबंद झिप येते. सीएच्या ऑफिसला दोनशे अशिलांचे फॉर्म २६ एएस (कापलेल्या कराची वार्षिक विवरणं) एका झटक्यात उघडून हवे असतात. एखाद्या पतसंस्थेला आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची फाइल अॅपमध्ये घ्यायची असते. वरवर पाहता दोन ओळींचं काम: फाइल द्या, पासवर्ड द्या, उघडा. मग एखाद्या दिवशी पासवर्ड बरोबर असूनही 'पासवर्ड चुकीचा' येतं आणि अख्खी दुपार त्यात जाते.

पासवर्ड पुरवणं हा यातला सोपा भाग आहे. कुलूप कोणत्या जातीचं आहे, पासवर्डचे नेमके बाइट कोणते, आणि आतून बाहेर येणाऱ्या फाइलवर विश्वास ठेवायचा की नाही, वेळ या तीन ठिकाणी जातो. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. उदाहरणं मुख्यतः पायथनची आहेत, जिथे फरक पडतो तिथे जावा, पीएचपी आणि इतर भाषांचं सांगितलं आहे.

हाताशी काय हवं

– समोरच्याकडून आलेली खरी फाइल, आणि तिच्यासारखीच तुम्ही स्वतः बनवलेली खोट्या माहितीची फाइल. कोड लिहिताना दुसरीच वापरायची.
– ७-झिप, कमांड लाइनसकट. लिनक्सवर असाल तरीही.
– पासवर्डचा नियम लेखी. 'तोच तो, जन्मतारखेचा' हे फोनवरचं वाक्य पुरत नाही.
– फाइल कोणत्या प्रोग्रामने बनवली याची माहिती, मिळाली तर.
– सर्व्हरवर किती जागा आणि किती मेमरी मोकळी आहे याचा आकडा.

१. आधी कुलूप ओळखा

फाइलच्या नावाच्या शेपटाकडे पाहू नका, पहिल्या बाइट पाहा. झिप 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होते. ही पीकेवेअरच्या फिल काट्झ यांची आद्याक्षरं, १९८९ पासून चालत आलेली. सेव्हन-झेडच्या पहिल्या दोन बाइट '७' आणि 'झेड' अशा असतात, तर रारच्या सुरुवातीला 'रार' आणि उद्गारचिन्ह. झिप म्हणून पाठवलेली फाइल प्रत्यक्षात रार निघणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. लोक नुसतं नाव बदलतात.

झिप निघाली तर पुढचा प्रश्न: जुनं कुलूप की नवं?

जुन्याला झिपक्रिप्टो म्हणतात. प्रत्येक फाइलच्या आधी १२ बाइटचं एक डोकं असतं आणि आतली स्थिती ९६ बिटांची असते. १९९४ मध्ये एली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी दाखवून दिलं, की आतल्या डेटाच्या थोड्या बाइट माहीत असल्या तर पासवर्ड न शोधताही हे कुलूप उघडता येतं. म्हणजे ते दारावर लावलेली कडी आहे, तिजोरी नव्हे.

नवं कुलूप विनझिपने २००३ मध्ये आणलेलं एईएस, म्हणजे सर्रास वापरली जाणारी मजबूत कुलुपाची पद्धत. यात पासवर्डपासून किल्ली काढायला पीबीकेडीएफ-२ (पासवर्ड पुन्हापुन्हा घुसळून किल्ली बनवणारी कृती) चे १,००० फेरे होतात. सोबत ८, १२ किंवा १६ बाइटचं सॉल्ट (पासवर्डात मिसळायच्या यादृच्छिक बाइट) असतं, त्यानंतर पासवर्डच्या झटपट पडताळणीच्या २ बाइट, आणि अगदी शेवटी १० बाइटचा खरेपणाचा शिक्का. हा शिक्का शेवटी असतो हे ध्यानात ठेवा, पाचव्या पायरीत लागेल.

ओळखायचं कसं? प्रत्येक नोंदीला फ्लॅगचं एक खातं असतं. त्यातला शून्यावा बिट १ असेल तर फाइल कुलूपबंद. त्याच नोंदीत कॉम्प्रेशनची पद्धत ९९ लिहिली असेल तर कुलूप एईएसचं. खरी पद्धत मग जादा माहितीच्या खात्यात दडलेली असते. पायथनच्या 'झिपफाइल'मध्ये 'इन्फोलिस्ट' मागितली की या दोन्ही गोष्टी पासवर्डाशिवाय दिसतात. कोड लिहायचा नसेल तर ७-झिपच्या कमांड लाइनवर यादीची आज्ञा 'एल' द्या आणि सोबत 'एसएलटी' हा पर्याय. 'मेथड'च्या ओळीत झिपक्रिप्टो की एईएस-२५६ ते सरळ लिहून येतं.

एकाच झिपमध्ये काही फाइली कुलूपबंद आणि काही उघड्या असू शकतात. त्यामुळे पहिल्या नोंदीवरून सगळ्यांचा निकाल लावू नका.

आणि झिपमध्ये कुलूप फक्त मजकुराला असतं, नावांना नाही. 'सुलभा_कर्जथकबाकी' असं फाइलचं नाव असेल तर जे कळायचं ते पासवर्डाआधीच कळलं. सेव्हन-झेड आणि रारमध्ये नावंही झाकता येतात, पण मग यादी पाहायलाच पासवर्ड लागतो आणि तुमच्या कोडचा क्रम बदलतो.

२. त्या कुलुपाची लायब्ररी घ्या

इथे सर्वात मोठा सापळा म्हणजे भाषेसोबत आलेली लायब्ररी पुरेल असं गृहीत धरणं.

पायथनचं 'झिपफाइल' फक्त झिपक्रिप्टो उघडतं, आणि तेही हळू, कारण ते काम शुद्ध पायथनमध्ये होतं. काही मेगाबाइटपर्यंत ठीक, त्यापुढे चहा पिऊन या. एईएसची फाइल दिली तर ते 'ही कॉम्प्रेशन पद्धत चालत नाही' अशा अर्थाची चूक देतं. जुन्या आवृत्त्या तर थेट 'पासवर्ड चुकीचा' म्हणतात, आणि माणूस बिचारा पासवर्ड तपासत बसतो. एईएससाठी 'पायझिपर' घ्या. त्याची बोलण्याची ढब 'झिपफाइल'सारखीच असल्याने बदल फार करावे लागत नाहीत. सेव्हन-झेडसाठी 'पाय-सेव्हन-झेड-आर' आहे. रारसाठी 'रारफाइल' आहे खरं, पण ते स्वतः फाइल उघडत नाही, मागे 'अनरार'सारखा प्रोग्राम बसवलेला लागतो. लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर चालत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

जावाच्या स्वतःच्या झिप पॅकेजला कुलूप कळतच नाही. 'झिप-फोर-जे' दोन्ही प्रकार उघडतं. अपाची कॉमन्स कॉम्प्रेस पासवर्डची सेव्हन-झेड वाचतं पण पासवर्डची झिप वाचत नाही, हे उलटं वाटलं तरी खरं आहे.

पीएचपीत 'झिपआर्काइव्ह'ला ५.६ पासून 'सेट पासवर्ड' आहे. ते 'खरं' असं उत्तर देतं म्हणजे पासवर्ड बरोबर आहे असं नाही, फक्त ठेवून घेतला एवढंच. खरा निकाल 'एक्स्ट्रॅक्ट टू'च्या उत्तरात कळतो, आणि ते उत्तर तपासायचं लोक विसरतात.

डॉट नेटसाठी शार्पझिपलिब पाहा. जुन्या उत्तरांत डॉटनेटझिपचं नाव सतत सापडेल, पण त्याची देखभाल थांबली आहे, नव्या कामात घेऊ नका. जावास्क्रिप्टमध्ये 'झिप डॉट जेएस' दोन्ही कुलुपं उघडतं, ब्राउझरमध्येसुद्धा.

लिनक्सवरचा नेहमीचा 'अनझिप' प्रोग्राम, आवृत्ती ६.०, एईएसपुढे हात टेकतो आणि 'पीके कॉम्पॅट ५.१ हवं, मला ४.६ जमतं' अशा थाटाचा संदेश देऊन फाइल वगळतो. हा संदेश दिसला की फाइल खराब आहे असं समजू नका. विंडोजचा एक्सप्लोररही तसाच: झिपक्रिप्टो उघडतो, एईएसवर अडतो. त्यामुळे 'माझ्या कॉम्प्युटरवर तर उघडते' या वाक्याला फारसा अर्थ नाही. कशाने उघडते ते विचारा.

३. पासवर्ड म्हणजे अक्षरं नव्हेत, बाइट

ही पायरी सावकाश वाचा. आपल्याकडच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच उगम पावतात.

पायथनला पासवर्ड बाइटच्या रूपात लागतो, साधा मजकूर दिला तर ते तिथेच अडवतं. जावाच्या झिप-फोर-जेला अक्षरांची अॅरे लागते. रूपांतर करताना यूटीएफ-८ (अक्षरांच्या बाइट करण्याची आजची नेहमीची रीत) स्पष्ट सांगा. पासवर्डचं एन्कोडिंग कोणतं हे झिपच्या फाइलीत कुठेच लिहिलेलं नसतं. इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतील तर काही बिघडत नाही, देवनागरी आलं की बिघडतं.

आता आकड्यांचं. ट्रेसेस या आयकर खात्याच्या वेबसाइटवरून मजकूर स्वरूपात उतरवलेल्या फॉर्म २६ एएसच्या झिपचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख: दोन आकडे दिवसाचे, दोन महिन्याचे, चार वर्षाचे, मध्ये काही नाही. कंपनी असेल तर स्थापनेची तारीख. सीएच्या ऑफिसात ही यादी एक्सेलमध्ये असते, आणि एक्सेल ०५०८१९७५ ला संख्या समजून पुढचं शून्य खातं. उरतात सातच आकडे, कुलूप उघडत नाही. म्हणजे महिन्याच्या पहिल्या नऊ तारखांना जन्मलेल्या अशिलांच्याच फाइली अडतात आणि बाकीच्या सुरळीत उघडतात. असा नमुना दिसला की दुसरीकडे शोधू नका. तो रकाना 'मजकूर' प्रकारचा करा, आणि कोडमध्ये सात आकडे आले तर डावीकडे शून्य भरा. रकाना 'तारीख' प्रकारचा असेल तर एक्सेल आतून भलताच अनुक्रमांक देतं, तेव्हा तारीख म्हणून वाचून मग हव्या त्या रूपात लिहा.

आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीचंही तेच. झिप उतरवताना माणूस चार आकड्यांचा शेअर कोड ठरवतो. तो ०४२७ असेल आणि तुमच्या डेटाबेसमध्ये पूर्णांकाच्या रकान्यात गेला, तर ४२७ होऊन परत येईल. पासवर्ड कधीही, कुठेही संख्या म्हणून ठेवू नका.

दुसरा घोळ खास आपला. फोनवर मराठी किंवा हिंदी कीबोर्ड चालू असेल तर माणूस देवनागरी आकडे टाइप करतो. डोळ्यांना ते आकडेच दिसतात, पण इंग्रजी आकड्याची एक बाइट आणि देवनागरी आकड्याच्या तीन. पायथनचं 'इज डिजिट' देवनागरी आकड्यांनाही 'हो' म्हणतं, त्यामुळे तुमची तपासणी पार होते आणि कुलूप मात्र उघडत नाही. फक्त आकड्यांचाच पासवर्ड अपेक्षित असेल तिथे देवनागरी आकडे एकेक करून इंग्रजी आकड्यांत बदला. 'इंट' वापरून बदलायला गेलात तर पुन्हा पुढचं शून्य गेलंच म्हणून समजा.

पासवर्डच मराठी शब्द असेल तर? शक्यतो तसा ठेवू देऊ नका. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: एक ऱ या स्वतंत्र अक्षराने, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळ्या. युनिकोडचं एनएफसी रूप (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर एकसारखं करणारं) करून घेतलंत तरी हे दोन एक होत नाहीत. अशी फाइल घेणं टळतच नसेल तर दोन्ही रूपं ओळीने वापरून पाहायची, दुसरा इलाज नाही.

शेवटी न दिसणाऱ्या गोष्टी. व्हॉट्सअॅपवरून चिकटवलेल्या पासवर्डामागे जागा येते. सेटिंगच्या फाइलीतून वाचलेल्याच्या शेवटी नवी ओळ येते. वर्डमधून घेतलेल्यात न तुटणारी जागा असते. पायथनचं 'स्ट्रिप' ती न तुटणारी जागा काढतं पण शून्य रुंदीची जागा काढत नाही, जावाचं 'ट्रिम' या दोन्हींतलं काहीच काढत नाही. डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा पासवर्डची लांबी बाइटमध्ये मोजून बघा. आठऐवजी नऊ आल्या की उत्तर मिळालं. मात्र गुपचूप कापू नका, कुणाच्या पासवर्डात खरोखरच शेवटी जागा असू शकते. आधी आहे तसा वापरून पाहा, मग कापलेला.

४. उघडण्याआधी यादी तपासा

पासवर्ड बरोबर आहे याचा अर्थ पाठवणारा ओळखीचा आहे, एवढाच. आतला माल चांगला आहे असा नव्हे. मेलवरचा अँटिव्हायरस कुलूपबंद झिपच्या आत पाहू शकत नाही, म्हणूनच वाईट माल पाठवणाऱ्यांना ती आवडते.

नावं. झिपमधल्या नोंदीचं नाव दोन टिंबं आणि तिरकी रेघ वापरून फोल्डरच्या बाहेर जाऊ शकतं आणि तुमच्या सर्व्हरवरची दुसरीच फाइल पुसून तिथे बसू शकतं. २०१८ मध्ये 'झिप स्लिप' या नावाने हा प्रकार गाजला, अनेक भाषांतल्या लायब्ऱ्यांत तो सापडला होता. पायथनचं 'एक्स्ट्रॅक्ट' असली टिंबं काढून टाकतं, पण तुम्ही स्वतः 'ओपन' करून फाइल लिहीत असाल तर ती जबाबदारी तुमची. अंतिम पत्ता पूर्ण सोडवून घ्या आणि तो ठरलेल्या फोल्डरच्या आतच आहे ना ते पाहा. ही तुलना मजकुराच्या सुरुवातीवरून करू नका: '/डेटा/राम' ने '/डेटा/रामपूर' सुद्धा सुरू होतं. पायथनमध्ये 'पाथ'चं 'इज रिलेटिव्ह टू' वापरा. जावात 'पाथ'चं 'स्टार्ट्स विथ', 'स्ट्रिंग'चं नव्हे.

सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) असलेल्या नोंदी सरळ नाकारा. पगारपत्रकाच्या झिपमध्ये लिंकचं काय काम?

उलटी तिरकी रेघ. डॉट नेट फ्रेमवर्क ४.६.१ च्या आधीच्या आवृत्त्यांनी बनवलेल्या झिपमध्ये फोल्डर आणि फाइल यांच्यामध्ये ती असते. लिनक्सवर फोल्डर न बनता 'मार्च\पगार' अशा नावाची एकच विचित्र फाइल तयार होते. कारखान्यातलं जुनं सॉफ्टवेअर असेल तर हे गृहीतच धरा.

आकार. डिफ्लेट या झिपच्या नेहमीच्या दाबण्याच्या पद्धतीत एका बाइटमागे जास्तीत जास्त सुमारे १,०३२ बाइट बाहेर येऊ शकतात. '४२ डॉट झिप' नावाची प्रसिद्ध फाइल ४२ किलोबाइटची, पण थरावर थर उघडत गेलं तर ४.५ पेटाबाइट. २०१९ मध्ये तर थर न लावताही १० मेगाबाइटमधून २८१ टेराबाइट काढून दाखवले गेले. म्हणून नोंदींच्या संख्येला आणि एकूण आकाराला मर्यादा घाला. पगारपत्रकांसाठी ५०० फाइली आणि २०० मेगाबाइट पुष्कळ झाले. यादीत लिहिलेला आकार पाठवणाऱ्याने लिहिलेला असतो, त्यामुळे मर्यादा यादीवर तपासाच, पण लिहिताना प्रत्यक्ष किती बाइट बाहेर आल्या तेही मोजत राहा आणि ओलांडली की थांबा. झिपच्या आत झिप सापडली तर ती आपोआप उघडू नका.

५. तात्पुरत्या फोल्डरात उघडा, शेवटपर्यंत वाचा

झिपक्रिप्टोत पासवर्डची पडताळणी एका बाइटवर चालते. म्हणजे चुकीचा पासवर्डही सरासरी २५६ पैकी एकदा 'बरोबर' ठरतो. मग बाहेर कचरा येतो आणि मधेच डिफ्लेटची किंवा शेवटी सीआरसीची (मजकूर जसाच्या तसा आला का ते पाहणाऱ्या आकड्याची) चूक मिळते. एईएसमध्ये दोन बाइट असल्याने ही शक्यता ६५,५३६ पैकी एक. पाच-पन्नास फाइलींत कधी दिसणार नाही. रोज हजारो प्रयत्न होणाऱ्या सेवेत नक्की दिसेल.

यावरून नियम असा: फाइल शेवटच्या बाइटपर्यंत वाचून झाल्याशिवाय तिच्यातल्या एकाही ओळीवर काम सुरू करू नका. एईएसचा तो १० बाइटचा शिक्का शेवटीच तपासला जातो. अर्धी फाइल वाचून पगार डेटाबेसात टाकायला घेतला आणि शेवटी शिक्का जुळला नाही, तर अर्ध्या कारखान्याचा पगार नोंदलेला आणि अर्ध्याचा नाही अशी गत होते.

क्रम असा ठेवा:

(अ) प्रत्येक कामासाठी नवं तात्पुरतं फोल्डर. पायथनचं 'टेम्पररी डिरेक्टरी' ते फक्त मालकाला दिसेल असंच बनवतं.
(आ) त्यात एकेक नोंद तुकड्यातुकड्यांनी लिहा, ६४ किलोबाइटचा तुकडा ठीक. अख्खी फाइल मेमरीत घेऊ नका.
(इ) सगळं बिनचूक संपलं की व्हायरस तपासणी. आता ती शक्य आहे.
(ई) मगच नाव बदलून खऱ्या जागी.

नाव बदलणं एका झटक्यात व्हायचं असेल तर तात्पुरतं फोल्डर आणि खरी जागा एकाच डिस्कवर हवी. लिनक्सचं '/टीएमपी' कित्येकदा वेगळं असतं, काही ठिकाणी तर मेमरीतच असतं. पहिल्या बाबतीत नाव बदलणं फसतं, दुसऱ्यात मोठी फाइल सर्व्हरची मेमरी खाते.

सेव्हन-झेडबद्दल दोन गोष्टी. त्यात किल्ली काढायला एसएचए-२५६ चे ५,२४,२८८ फेरे होतात, तेव्हा प्रत्येक पासवर्डाला जाणवेल इतका वेळ लागतो. वेब विनंतीच्या आत हे करू नका, मागच्या रांगेत टाका आणि एका माणसाच्या प्रयत्नांना मर्यादा घाला. शिवाय बहुतेक सेव्हन-झेड फाइली 'सॉलिड' असतात: शंभरावी फाइल हवी असेल तर आधीच्या नव्व्याण्णव उलगडाव्या लागतात. एकेक फाइल वेगळी मागत बसलात तर तेच काम शंभरदा होतं. एकदाच सगळं काढा.

६. चुकांना वेगवेगळी नावं द्या

वापरणाऱ्याला 'काहीतरी बिघडलं' एवढंच दिसलं तर तो तीच फाइल दहादा टाकतो. किमान पाच प्रकार वेगळे ठेवा: पासवर्ड दिलाच नाही, पासवर्ड जुळला नाही, हे कुलूप आपल्याला उघडता येत नाही, फाइल खराब किंवा अर्धवट आली, मर्यादा ओलांडली.

पायथनमध्ये पहिले दोन्ही 'रनटाइम एरर' म्हणूनच येतात. त्यांच्यातला फरक संदेशाच्या शब्दांवरून काढण्यापेक्षा आधी फ्लॅगचा बिट पाहा: कुलूप आहे आणि पासवर्ड रिकामा आहे, तर उघडायलाच जाऊ नका. झिप-फोर-जेच्या चुकीत प्रकार लिहिलेला असतो, 'राँग पासवर्ड' तिथे सरळ मिळतो. सीआरसीची किंवा डिफ्लेटची चूक झिपक्रिप्टोच्या फाइलीत आली, तर ती खराब फाइल असेल किंवा तो २५६ पैकी एक चुकीचा पासवर्ड. संदेशात दोन्ही शक्यता सांगा.

७. बाहेरचा प्रोग्राम चालवायचा असेल तर

लायब्ररी नसेल तेव्हा लोक कोडमधून ७-झिपलाच हाक मारतात. चालतं, पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पासवर्ड दिला नाही तर ७-झिप तो विचारत थांबतं. सर्व्हरवर उत्तर द्यायला कुणी नाही, प्रोसेस रात्रभर लटकते. इनपुट बंद करून ठेवा आणि वेळेची मर्यादा घाला.

पासवर्ड आज्ञेच्या ओळीतून दिला तर त्या यंत्रावरच्या इतरांना प्रोसेसच्या यादीत तो दिसू शकतो. सामायिक सर्व्हरवर हे चालणार नाही.

आज्ञा एका मजकुरात जोडून शेलला देऊ नका. पासवर्डात अर्धविराम किंवा डॉलरचं चिन्ह आलं की शेल त्याचा भलताच अर्थ लावतो. आर्ग्युमेंटची यादी द्या. 'पी' आणि 'ओ' या पर्यायांनंतर जागा न सोडता पासवर्ड आणि फोल्डर लिहायचं असतं. उघडायची आज्ञा 'एक्स' आहे. 'ई' दिलीत तर सगळे फोल्डर मोडून फाइली एकाच जागी पडतात आणि सारख्या नावांच्या एकमेकींवर बसतात.

परतीचा कोड शून्य म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर चूक. चुकीचा पासवर्ड २ मध्येच येतो.

८. मराठी नावांच्या फाइली

झिपच्या नोंदीतला अकरावा बिट १ असेल तर नाव यूटीएफ-८ मध्ये आहे. तो नसेल तर पायथन ते जुन्या सीपी-४३७ (डॉसच्या काळातलं अक्षरांचं कोष्टक) मध्ये समजतं आणि 'पगार मार्च'च्या जागी रेघोट्या आणि ग्रीक अक्षरं दिसतात. अशा वेळी ते नाव पुन्हा सीपी-४३७ च्या बाइटमध्ये बदलून यूटीएफ-८ म्हणून वाचा, बहुतेकदा नाव सापडतं. पायथन ३.११ पासून उघडतानाच 'मेटाडेटा एन्कोडिंग' सांगता येतं.

आणखी एक, फार कमी जणांच्या लक्षात येणारी गोष्ट: लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या धरून. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. विंडोजवर ही अडचण येत नाही, कारण तिथे मोजमाप वेगळं. 'अहिल्यानगर शाखा कर्मचारी भविष्य निर्वाह निधी…' असं लांबलचक नाव असलेली फाइल क्लायंटकडे बनते आणि तुमच्या सर्व्हरवर उघडताना फुटते. साठवताना स्वतःचा क्रमांक द्या, मूळ नाव डेटाबेसात ठेवा. नावांवरून होणारे बाकीचे घोळही त्याने मिटतात.

९. चाचणीसाठी फाइलींचा संच

खऱ्या फाइली चाचणीच्या फोल्डरात ठेवू नका, गिटमध्ये तर मुळीच नाही. हा संच स्वतः बनवा: झिपक्रिप्टोची एक, एईएस-२५६ ची एक, अर्धी उघडी अर्धी बंद अशी एक, नावं झाकलेली सेव्हन-झेड, मराठी नावांची, शून्याने सुरू होणाऱ्या पासवर्डची, बाहेर जाणाऱ्या नावाची, शेवटच्या काही बाइट कापलेली, आणि हजारपट फुगणारी (१०० मेगाबाइट शून्यांची फाइल दाबली की झाली).

इथेही सापळा आहे. ७-झिपमध्ये झिप बनवताना एन्क्रिप्शनची मूळ निवड झिपक्रिप्टोच असते. एईएस मुद्दाम निवडावं लागतं. तसं न करता 'एईएसची चाचणी पार' असा अहवाल देणारे पुष्कळ आहेत. पहिल्या पायरीतल्या यादीच्या आज्ञेने प्रत्येक फाइल एकदा तपासून घ्या.

१०. उघडल्यानंतर

पासवर्ड लॉगमध्ये जाता कामा नये, चुकीच्या संदेशातूनही नाही. 'या पासवर्डाने उघडलं नाही: …' अशी ओळ लिहायचा मोह होतो, आवरा. लांबी लिहिलीत तर हरकत नाही.

चार आकड्यांचा शेअर कोड म्हणजे फक्त १०,००० शक्यता. एईएस असलं तरी साध्या लॅपटॉपवर मिनिटभराचं काम. जन्मतारखेच्या पासवर्डात शंभर वर्षं धरली तरी सुमारे ३६,५०० शक्यता. तेव्हा अशी कुलूपबंद झिप सर्व्हरवर पडून राहिली तर ती उघडीच पडली आहे असं धरा. काम झालं की झिप आणि उघडलेल्या फाइली दोन्ही काढून टाका, काम मधेच फसलं तरीही. साफसफाई 'फायनली'च्या भागात लिहा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही कामापुरता डेटा कामापुरताच ठेवा असं सांगतो.

आधारच्या फाइलीत झिप उघडली म्हणजे ओळख पटली, असं नसतं. आतल्या एक्सएमएलवर यूआयडीएआयची (आधार देणाऱ्या प्राधिकरणाची) डिजिटल सही असते, ती त्यांच्या सार्वजनिक प्रमाणपत्राशी ताडून पाहावी लागते. शेअर कोड माहीत असलेला कुणीही आतलं नाव बदलून त्याच कोडाने पुन्हा झिप करू शकतो. कुलूप तसंच दिसेल, सही मात्र जुळणार नाही.